पाठ टेकल्यावर

त्या दिवशीही नानाजींनी आखाड्याची माती फावड्याने उकरली, ताकाचा शिपका दिला, हळद टाकली, आणि कुस्तीच्या हौदाच्या काठावर बसून पोरांची वाट पाहिली. माती मुठीत धरली तर बोटांमधून सांडावी इतकी मऊ झाली होती. तिच्यात पडायला मात्र कोणी नव्हते.

दारव्ह्याच्या मारुतीच्या देवळामागे एकेकाळी संध्याकाळी पोरांचा असा गलका असे की पुजारी कानात बोटे घालून आरती म्हणायचा. मग हळूहळू पोरे गळाली. कोणाला शिकवणी लागली, कोणाला मोबाइल, कोणाला मिशी फुटली आणि लंगोटाची लाज वाटू लागली. त्यांचे नानाजींना वाईट वाटले, पण पोटात दुखले नाही. पोटात दुखले ते अमरचे. अमर त्यांचा सख्खा नातू. अमरच्या बापाला कुस्तीची गोडी लागली नाही, तो आपला कापूस आणि तूर बघत राहिला. म्हणून नानाजींनी नातवाला चालता येण्याआधीच मातीत बसवले होते. आणि तोच अमर, नववीत गेला न गेला तोच, दुसऱ्या वस्तादाकडे जाऊ लागला.

हा दुसरा वस्ताद म्हणजे बँकेतला साहेब. साकेत त्याचे नाव, नागपूरकडच्या नोकरदार घरातला, बदलीवर दारव्ह्याला आलेला. दिवसा तो लोकांचे कर्जाचे कागद तपासायचा आणि संध्याकाळी बाजाराजवळच्या मंगल कार्यालयात फोमच्या गाद्या अंथरून पोरापोरींना जुजुत्सू नावाची कुस्ती शिकवायचा. लग्नाची तारीख असली की वर्ग बंद, एरवी रोज.

"जुजुत्सू!" नानाजी घरी म्हणायचे. "नाव घेतलं तरी दात पडतात."

"तुमचे तं पहिलेच पडले," त्यांच्या पत्नी लीलाबाई सुपातली तूर पाखडत म्हणायच्या. "अवो, मी जलमभर देवाले हात जोडले का मले सवत देऊ नको. देवानं ऐकलं बापा. थे सवत आली तं तुमच्या नशिबाले आली!"

 सवत हा शब्द नानाजींच्या छातीत काट्यासारखा बसला, कारण तो बरोबर होता. अमर जेवताना "सर म्हणते" असे म्हणाला की त्यांचा घास अडायचा. सर म्हणते पाणी बसून प्याव. सर म्हणते मान मोडून झोपू नाई. अरे, हेच तर नानाजी त्याला सहा वर्षांचा असल्यापासून सांगत होते! तेव्हा ते एका कानातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर जात होते. आता बँकवाल्याच्या तोंडून आले तर तेच अमृत झाले.

एके दिवशी त्यांना राहवले नाही. मंगल कार्यालयासमोर धरमसिंगचे ढेपेचे, म्हणजे सरकीच्या पेंडेचे, दुकान होते. म्हशीला ढेप घ्यायची आहे असे लीलाबाईंना सांगून ते निघाले, आणि दुकानात न जाता कार्यालयाच्या मागच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. तिथे उष्ट्या पत्रावळी टाकायचा खड्डा होता आणि मच्छरांचे राज्य होते.

आत भिंतीवर मागच्या लग्नातली थर्माकोलची अक्षरे अजून लटकत होती. नवरीचे नाव शाबूत होते, नवरदेवाचे अर्धे गळले होते. त्याखाली पोरे बसली होती, आणि साकेत चक्क पाठीवर पडला होता. त्याच्या दोन्ही पायांत राजदीप नावाचा, अमरच्याच वर्गातला, धष्टपुष्ट पोरगा गुडघ्यांवर बसलेला. साकेतचे पाय राजदीपच्या कमरेभोवती, आणि घोटे पाठीमागे एकमेकांत अडकवलेले.

"याला क्लोज्ड गार्ड म्हणतात," साकेत सांगत होता. "मी खाली आहे. म्हणजे हरलो का?"

"नाही सर!" पोरे ओरडली. त्यात अमरचा आवाज सर्वांत मोठा.

नानाजींच्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यभर त्यांनी एकच गोष्ट शिकवली होती: पाठ टेकली की खेळ खलास, आभाळ दिसले की कुस्ती गेली. आणि हा गडी आपण होऊन आभाळाकडे तोंड करून पडतो आणि पोरांना विचारतो, हरलो का!

"आता ट्रँगल बघा," साकेत म्हणाला. "समोरच्याचा एक हात माझ्या पायांच्या आत पाहिजे, एक बाहेर. दोन्ही आत असले तर जमत नाही, दोन्ही बाहेर असले तरी नाही." त्याने राजदीपचे एक मनगट त्याच्याच पोटाकडे ढकलले, कंबर उचलली, आणि एक पाय त्याच्या खांद्यावरून मानेमागे टाकला. दुसऱ्या पायाच्या गुडघ्यामागच्या लवणीत त्या पायाचा घोटा अडकवला. पायांचा तिकोन झाला आणि त्यात राजदीपची मान आणि एक हात सापडला. राजदीपने लगेच गादीवर दोन थापा मारल्या. साकेतने त्याच क्षणी पाय सोडले.

"थाप म्हणजे काय?"

"सोडा म्हणजे सोडा!" पोरे म्हणाली.

मग जोड्या लागल्या. अमर पाठीवर पडला, राजदीप त्याच्या पायांत. अमरने हात ढकलला, पाय टाकला, घोटा अडकवला, सगळे बरोबर केले. मग दाबू लागला. दाबता दाबता त्याचे कान लाल झाले, मांड्या थरथरू लागल्या. राजदीप आतून शांतपणे म्हणाला, "सर, मी इथंच झोपू का? लय गरम वाटून राह्यलं."

सगळी पोरे हसली. साकेतही हसला. अमरच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "होईल. कोन साध, कोन. घाई नको." आणि अमर वर बघून हसला.

ते हसू नानाजींच्या ओळखीचे होते. अमरला पहिली धोबीपछाड जमली तेव्हा तो मातीतून उठून असाच हसला होता, एक दात पडलेला, डोळ्यांत माती. ते हसू आपल्याकडेच ठेवायला दिलेले आहे असे नानाजी समजत होते. ते मानेवरचे मच्छर मारायचेसुद्धा विसरले.

दुसऱ्या दिवसापासून नानाजींनी कामे काढली. बरोबर पाच वाजता तुरीला पाणी द्यायचे सुचायचे. मोटर बंद करून ये, गोठा झाड, वासरू सुटलं पाह्य. अमर हूं की चूं न करता सगळे करायचा आणि अंगाला शेण लागलेले तसाच धावत कार्यालयाकडे सुटायचा. धावून धावून त्याचा दम वाढला. नानाजींच्या कामांनी बँकवाल्याचाच पठ्ठा तयार होत होता, हे लक्षात आले तेव्हा त्यांना स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावीशी वाटली.

शेवटी आठवडी बाजाराच्या दिवशी धरमसिंगच्या दुकानात गाठ पडलीच. साकेत रस्ता ओलांडून आला आणि वाकून नानाजींच्या पाया पडला.

"नमस्कार वस्ताद. तुमचं नाव अमर रोज घेतो."

"घेते का?" नानाजी म्हणाले. "मले वाटलं तुमच्या फोमात नरम पडून इसरला. साहेब, एक इचारू? थे पाठीवर पडून तुम्ही का शिकवता? आमच्या इकडं पाठीवर माणूस दोनदाच पडते. एक झोपताना, आन एक जाताना."

धरमसिंग ढेपेची पोती लावता लावता थांबला. बाजारातली दोन माणसेही थबकली.

साकेत हसला. "बोलून नाही समजायचं, नानाजी. कधी या ना, दाखवतो."

"तुम्हीच या. माह्या मातीत. आयतवारी सकाळी." आता नानाजींची जीभ आवरेना. "मी तुमची पाठ टेकवली तं अमर वापस आखाड्यात. सांजचं तुमच्याकडं येणं बंद."

"आणि नाही टेकवली तर?"

"तं जाऊ द्या त्याले. मी मधात पडणार नाई."

 साकेत म्हणाला, "येतो. पण नानाजी, तोवर त्या मागच्या खिडकीत नका उभे राहू. मच्छर लय आहेत तिथं."

धरमसिंगने पोत्याआड तोंड लपवले. नानाजी ढेप न घेताच घरी आले.

रविवारी मारुतीच्या देवळामागे गर्दी झाली. साकेत हाफपँट आणि बनियनवर आला. हौदात उतरण्याआधी त्याने चपला काढल्या, माती कपाळाला लावली. हे नानाजींना आवडले, आणि आवडले म्हणून जास्तच राग आला. अमर काठावर बसला होता, दोन्ही हातांनी गुडघे आवळून. त्याच्याकडे पाहायचे नाही असे नानाजींनी ठरवले होते; पण त्यांनी शड्डू ठोकला तो त्याच्याकडे पाहूनच.

हात मिळाले. नानाजींचे वय झाले होते, पण मनगटाला वय नव्हते. त्यांनी साकेतची मान खाली ओढली, पायात पाय घातला, आणि आता ढाक मारून आपटणार, तोच साकेत आपण होऊन खाली बसला. बसला आणि मागे लवंडला. नानाजी त्याच्यावर गेले. साकेतची पाठ मातीला टेकली, त्याचे दोन्ही खांदे टेकले, डोळ्यांत आभाळ उतरले.

"टेकली! टेकली!" धरमसिंग ओरडला.

साकेतचे पाय नानाजींच्या कमरेभोवती आवळले गेले होते, पण तिकडे कोणाचे लक्ष? नानाजींनी जन्मभर जे केले आणि प्रत्येक पठ्ठ्याला जे शिकवले, तेच केले. डावा हात खालच्याच्या छातीवर रोवला आणि उजवा हात सलामीसाठी मारुतीच्या कळसाकडे उंच केला.

"आबाजी, हात!" काठावरून अमर किंचाळला. "हात आत घ्या, आत!"

नानाजींना वाटले पोरगा आनंदाने ओरडतो आहे. त्यांनी हात आणखी उंच केला.

त्या हाताखालून साकेतचा पाय आला. खांद्यावरून, मानेमागे, अगदी सावकाश, जशी म्हातारी माणसे खांद्यावर उपरणे टाकतात. डावा हात आत अडकला, उजवा आभाळात राहिला. मग साकेत पडल्या पडल्या जरासा बगलेत, एका अंगाला, फिरला, आणि जगाचा आवाज कमी झाला. देऊळ होते, कळस होता, पण दूर, विहिरीतून वर बघावे तसे. कानात कोणीतरी कांडण कांडत होते. नानाजींनी जोर केला. जोर केला तेवढे आवळले. सोडवून घ्यायला काय करतात? मातीत थाप मारायची? त्यांचा हात मातीकडे जाईना. हाताने हार मानायची रीत त्यांच्या अंगातच नव्हती.

मग कोणीतरी मातीत धपाधप थापा मारल्या. मानेवरचा पाय तत्काळ सुटला. नानाजींनी श्वास घेतला आणि पाहिले: हौदात उडी मारून आलेला अमर त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसला होता, त्याचे दोन्ही तळवे लाल मातीने भरले होते. थापा त्याने मारल्या होत्या. आजोबांच्या वतीने.

"पाठ पहिले टेकली होती," धरमसिंग जोरात म्हणाला. "त्याच्या बादचं मोजाचं नाई!"

"अन् ह्या बुढ्याचे डोळे पांढरे झालते थे?" दुसरा म्हणाला.

"कुस्ती का डोळ्यावर राह्यते का? पाठीवर राह्यते!"

साकेत अंगावरची माती झटकत उठला. "धरमसिंगभाऊ बरोबर म्हणतात," तो म्हणाला. "नानाजींची माती, नानाजींचा नियम. पाठ टेकली माझी." मग तो अमरकडे वळला. "उद्यापासून आखाड्यात जायचं, बेटा."

आता सगळे नानाजींच्या तोंडाकडे पाहू लागले. त्यांच्या मानेवर लाल वळ उठला होता. खरे काय झाले ते त्यांना माहीत होते, आणि अमरलाही. एक शब्द बोलायचा होता. पण अमर त्या क्षणी साकेतकडे पाहत होता, आणि त्या बघण्यात इतका लळा होता की नानाजींच्या पोटात पुन्हा ती कळ आली.

"हाव," ते म्हणाले. "टेकली पाठ. ठरल्यापरमानं पोट्टा माहा."

सोमवारी पाच वाजता अमर आखाड्यात हजर झाला. न सांगता माती उकरली. सांगितल्या तेवढ्या बैठका काढल्या, सांगितले तेवढे जोर. "ढाक मार" म्हटले की ढाक मारायचा, "पुन्हा" म्हटले की पुन्हा. एकदाही "सर म्हणते" म्हणाला नाही. काहीच म्हणाला नाही. मंगळवारीही तसेच, बुधवारीही. नानाजींना पोरगा मिळाला होता, हसू मिळाले नव्हते.

"भेटला ना?" लीलाबाईंनी विचारले. "घ्या आता, कवटाळून बसा. असं उदास लेकरू तं मी बाजारात फुकट भेटलं तरी आणणार नाई."

"मी का त्याले मारून राह्यलो का?"

"मारलं असतं तं रडला तरी असता."

नानाजी उठून कापसाच्या वावरात गेले. पण तिथेही सुटका नव्हती, कारण त्यांच्या डोक्यात आणखी एक गोष्ट रुतून बसली होती आणि ती मत्सराची नव्हती. ती वस्तादाची होती. आपण सापडलो कसे? मांड्यांनी तर साकेतने दाबलेच नव्हते. अमरचे पाय त्याच्याहून जास्त थरथरत होते, तरी राजदीपला तिथे झोप येत होती. मग आवळले कशाने? चालता चालता त्यांनी आपला डावा हात गळ्यासमोरून आडवा घेतला, खांदा मानेला लावला आणि मान वाकवली. बोंडे वेचणाऱ्या बायका बघत राहिल्या. नानाजी वावराच्या मधोमध थांबले. आवळले होते ते त्यांच्याच खांद्याने! एका बाजूने साकेतची मांडी, दुसऱ्या बाजूने स्वतःचा खांदा. आणि तो खांदा मानेत शिरला केव्हा? साकेत बगलेत फिरला तेव्हा.

संध्याकाळी अमर आला तेव्हा नानाजी हौदात मधोमध गुडघ्यांवर बसले होते.

"पड पाठीवर," ते म्हणाले.

अमरला कळेना. "आबाजी?"

"पड म्हन्तो ना. त्या बँकवाल्याचं लाव माह्या गळ्यात. थे तिकोनी."

अमर घाबरत घाबरत मातीत पडला. त्याने पाय कमरेभोवती घेतले, नानाजींचे एक मनगट ढकलले, पाय मानेवर टाकला, घोटा लवणीत अडकवला. आणि दाबू लागला. कान लाल झाले.

"काहीच होऊन नाई राह्यलं," नानाजी आतून म्हणाले. "राजदीप खरं बोलला. चहा पेता येते इथं बसून."

"तुम्हाले का माईत राजदीप काय बोलला?"

"थे राहू दे. दाबू नको. तू सरळ पडून राह्यला ना माह्यासमोर, तिथंच घाण होऊन राह्यली. ताकद पायात नाई रे बाबू. फिर. बगलेत फिर. माह्या कानात काय मळ आहे थो दिसला पाह्यजे तुले, इतका फिर."

अमरने कंबर उचलली आणि फिरला.

"आणखी. आता डोकं वढ खाली."

विहीर पुन्हा वर आली. कळस दूर गेला, कानात कांडण सुरू झाले. नानाजींचा उजवा हात मोकळा होता. तो हात एक क्षण हवेत राहिला, आणि मग मातीवर पडला. थप, थप.

अमरने पाय सोडले. तो उठून बसला, केसांत माती, डोळ्यांत माती, आणि आजोबांकडे पाहत राहिला. नानाजी खोकत होते, मान चोळत होते.

"आबाजी, तुम्ही थाप मारली!"

"माशी बसली होती."

आणि अमर हसला. पुढचे सगळे दात दाखवून, मान मागे टाकून. नानाजींनी ते हसू दोन्ही डोळ्यांनी पाहून घेतले, कारण ते फार वेळ आपल्याजवळ राहणार नाही हे त्यांना आता उमगले होते.

"जाय," ते म्हणाले. "वर्ग सुरू झाला असंन."

"पण ठरलं होतं ना? पाठ तं टेकली होती सरांची."

"टेकली होती. अन् माही मान कोठी होती थे तुले दिसत नव्हतं का? म्हणून तं थापा मारल्या तू." त्यांनी नातवाच्या पाठीवरची माती झटकली, जरा जोरातच. "सकाळी इथं, सांजले तिथं. दोन्हीकडं दांडी मारली तं तंगडं मोडतो. अन् आयक, त्याले सांगू नको मी थाप मारली म्हणून."

अमर धावत सुटला. नानाजींनी हौदाची माती सारखी केली, फावडे टेकवून ठेवले, आणि मग त्यांना आठवले की म्हशीची ढेप अजून आणायचीच आहे.

खिडकीजवळ मच्छर होतेच. आत अमर पाठीवर होता, राजदीप त्याच्या पायांत, तोंडावर तेच झोपाळू हसू. हात ढकलला, पाय टाकला, घोटा अडकवला. मग अमर बगलेत फिरला. राजदीपचे हसू तोंडावरच विरले आणि त्याने इतक्या घाईने थापा मारल्या की गादीवरची धूळ उडाली.

"अरे वा!" साकेत खाली बसला. "हा कोन कोणी शिकवला तुला? मी इतके दिवस सांगून दमलो."

नानाजींनी श्वास रोखला. कपाळावर एक मच्छर बसला होता. त्यांनी त्याला पोटभर पिऊ दिले.

"आमच्या वस्तादनं," अमर म्हणाला.

साकेतने अमरच्या डोक्यावर हात ठेवला. ते पाहून नानाजींच्या पोटात पुन्हा जरासे दुखले. पण सवतीला एकदा घरात घेतले की इतके दुखणारच, असे त्यांनी मनाशी म्हटले आणि मच्छर मारला. चापटीचा आवाज मोठा झाला.

"वस्ताद," साकेत खिडकीकडे न बघताच म्हणाला, "दार समोरून आहे. आत या. या कोनाचं पुढचं मलाही विचारायचं आहे."

"मी ढेप घ्यायले आलो," नानाजी म्हणाले, आणि दाराकडे निघाले.